वाळूचं शेत

सुभेदारकाकांना काहीही विचारा, बडा बाजारात चांगला हिंग कुणाकडे मिळतो एवढंच का असेना, ते आधी जमिनीवर बसायचे. उकिडवे. तळहातानं माती सारखी करायचे, एखादी काडी शोधायचे आणि म्हणायचे, "पहिले उत्तर दिशा बघून घ्या." मग काडीनं रस्ता, वळण, देऊळ, हलवायाचं दुकान असं सगळं उमटायचं, आणि आम्ही हिंगवाल्यापाशी पोचेपर्यंत वर माझी आमटी आटून जायची. एकदा मी वैतागून म्हटलं, काका, तोंडी सांगा ना. तर म्हणाले, "सूनबाई, तोंडानं सांगितलेला रस्ता दोन माणसांच्या डोक्यात दोन जागी जातो." मी उत्तर दिशा बघून घेतली. करते काय, घर त्यांचं होतं आणि आम्ही भाडेकरू.

मी ग्वाल्हेरची. लग्न होऊन झाशीत आले तेव्हा आमच्या ह्यांना रेल्वेत लागून फार दिवस झाले नव्हते. सीपरी बाजाराच्या मागच्या अंगाला सुभेदारकाकांचं घर होतं, त्याच्या वरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. मिळाल्या त्या आम्ही मराठी म्हणून. काकांचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले, असं ते सांगत. मराठी त्यांची घरातली, पण वाक्य मराठीत निघायचं आणि अर्ध्या वाटेत हिंदीत उतरायचं. माझंही तेच, त्यामुळे आमचं छान जमायचं. काका सगळी हयात दक्षिणेकडच्या मराठी पोरांच्या पलटणीत काढून आले होते, म्हणून त्यांच्या बोलण्यात मध्येच एखादा साताऱ्याकडचा शब्दही यायचा. तो आला की काकू म्हणायच्या, "आली बघा पलटण."

घराशेजारी काकांचाच एक मोकळा प्लॉट होता. त्यावर आणखी चार खोल्या बांधायच्या, भाड्यानं द्यायच्या, असा काकूंचा बेत. काकांनी त्यासाठी बेतवा नदीची वाळू आणून टाकली, ट्रॅक्टर भरून. आणि मग त्या वाळूचं जे झालं ते झालं. खोल्या काही कधी उभ्या राहिल्या नाहीत.

पलटणीत काकांचं काम होतं वाळूचे नमुने करण्याचं. हल्ला करायच्या आधी पुढची जमीन जवानांना दाखवावी लागते. नकाशा सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून मागे कुठेतरी झाडीत वाळू पसरून ती जमीन जशीच्या तशी मांडायची. नदी, नाला, बांध, टेकडी, शत्रू कुठे, आपण कुठून निघणार. सगळे भोवती बसणार, आणि सुभेदार, तेव्हाचे हवालदार, हातात लांब छडी घेऊन समजावणार. ह्याला ते "मॉडेल" म्हणत. पेन्शनीत आल्यावर छडी सुटली नाही, वाळूही सुटली नाही. कुणाचं लग्न ठरलं की वरात कुठून कुठे जाणार त्याचं मॉडेल. काकूंच्या भावाचा जमिनीचा तंटा, त्याचं मॉडेल. मला पुलापलीकडच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा माझ्यासाठीही एक झालं, त्यात पूल होता, रूळ होते, आणि एका कोपऱ्यावर काळी गोटी ठेवलेली. मी विचारलं, हे काय. म्हणाले, "कुत्रा. चावत नाही, पर भौंकता बहुत है." खरोखरच होता तिथे कुत्रा.

रंग ते माणिक चौकातून आणत. रांगोळीवाला त्यांना ओळखून होता, विचारायचा, "सूबेदार साहब, ये नीला वाला तालाब के लिए कि नदी के लिए?" काका गंभीरपणे सांगत, तळ्यासाठी, नदीचा निळा वेगळा. सकाळी दूधवाला दुधाची बरणी टेकवून प्लॉटकडे मान वळवायचा, "काए साब, आज कौन सो देस बना रए?" काका म्हणायचे, बैठो, दिखाते हैं. एकदा बसला की त्याच्या पुढच्या घरांना दूध उशिरा, आणि त्या घरांच्या बायका येऊन काकूंशी भांडत.

मला वरून सगळं दिसायचं. आमच्या गच्चीच्या कठड्याला टेकून मी थंडीतल्या दुपारी केस वाळवत उभी राहायचे आणि खाली एक आख्खा मुलूख पसरलेला असायचा. ढग आला की त्याची सावली आधी डोंगरावरून जायची, मग नदी ओलांडायची, मग आमच्या तारेवरच्या चादरीवर यायची. चिमणी आली तर ती त्या मुलुखात हत्तीएवढी दिसायची. ह्यांची ड्यूटी रात्रंदिवस कधीही, घरात मी एकटी, नवीन गाव. खोटं कशाला सांगू, तासन् तास बघत बसायचे मी. पुष्कळदा दुपारी डोळा लागायचा आणि स्वप्नात मी त्या वाळूतून चालत असायचे, लहान होऊन, आणि काकांची छडी आभाळातून खाली यायची आणि मला सांगायची, इधर से. जाग आल्यावर पायांना वाळू लागली आहे का ते मी खरंच बघायचे.

मॉडेल समजावताना काकांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं, "उंची वाढवलेली आहे." मला आधी कळेना ह्याचा अर्थ. मग एकदा त्यांनी सगळी झाशी मांडली, त्यात किल्ला एवढा उंच केला की काकू म्हणाल्या, "अहो, किल्ला आहे की हिमालय?" तेव्हा काकांनी समजावलं. लांबी-रुंदीच्या मापानं उंची धरली तर टेकडी नखाएवढी येते, दहा हातांवर बसलेल्या माणसाला दिसतच नाही. म्हणून उंची नेहमी चढवून दाखवायची, आणि ती चढवली आहे हे सगळ्यात आधी सांगायचं. "नाही सांगितलं तर?" मी सहज विचारलं. काका वाळूवरची पानं वेचायला लागले. मला वाटलं ऐकलं नाही त्यांनी.

आता त्यांची सगळ्यात डोक्यात जाणारी सवय सांगते. कुणी उशिरा आलं की काका पहिल्यापासून सुरू करायचे. काहीही असो. गोष्ट सांगत असोत, घराचा हिशोब सांगत असोत, कुणी नवीन माणूस आत आलं की थांबायचे, त्याला बसवायचे आणि पुन्हा पहिलं वाक्य. त्यामुळे त्यांची एकही गोष्ट शेवटापर्यंत मी ऐकली नाही. आमच्या मराठी समाजाच्या गणपतीत तर कहर. आरती काका सांगायचे. अर्धी झाली की कुणीतरी चपला काढत आत यायचं, की काकांनी हात वर करून टाळ थांबवलेच. "भैया आए हैं, शुरू से." एका वर्षी आरती चार वेळा सुरू झाली. पुरोहितबुवा काकूंच्या कानाशी लागून म्हणाले, वहिनी, दाराला कडी घाला, नाहीतर विसर्जनापर्यंत हीच आरती चालणार. काकूंनी खरंच कडी घातली. काका महिनाभर त्यांच्याशी नीट बोलले नाहीत.

दर हिवाळ्यात एक मॉडेल मात्र ते कुणाला समजावत नसत. छडी नाही, पहिलं वाक्य नाही, नुसतं करायचे. सपाट भातशेतं, त्यांत निळं पाणी, एका बाजूला तळं, तळ्याच्या काठावर शेवाळाची झाडी, आणि डाव्या अंगाला शेतांच्या मधोमध एक उंचवटा. दोन-चार दिवस ठेवायचे आणि मोडायचे. मी वरून बघून बघून ओळखायला लागले होते ते शेत. बाकी सगळं दर वर्षी तसंच असायचं, फक्त त्या उंचवट्याचं काही खरं नसायचं. एका वर्षी आवळ्याएवढा, एका वर्षी नारळाएवढा. करायचे, लांब जाऊन बघायचे, डोळे बारीक करून, परत यायचे, थोडी वाळू काढायचे, परत घालायचे. मी काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "पूर्वेकडचं आहे ते. एकाहत्तरचं. मी नाही विचारत, तूही विचारू नकोस."

त्या शेताचा उलगडा झाला तो एका थंडीतल्या दिवशी. सकाळच्या गाडीनं दोन माणसं उतरून रिक्षानं आमच्या दारात आली. एक नऊवारीतली बाई, चाळिशीच्या अलीकडची, कपाळ मोकळं. आणि तिचा हात धरून एक म्हातारा, उंच, पटका बांधलेला, दोन्ही डोळे मोतीबिंदूनं पांढरे झालेले. म्हातारा रिक्षातून उतरता उतरता म्हणाला, "मथुरा आली का गं?"

"येईल आबा. वाईच दम खावा हितं, वळखीचं घर हाय," ती म्हणाली आणि दारातल्या काकूंकडे बघून तिनं हात जोडले. बोलू नका म्हणत होते ते हात.

आबांना अंगणात उन्हाला खाट टाकून दिली, चहा दिला. आणि ती बाई आत स्वयंपाकघरात आमच्याजवळ आली. मी दूध घ्यायला खाली आले होते ती तिथेच राहिले. तिचा नवरा काकांच्या पलटणीत नाईक होता, एकाहत्तरच्या लढाईत गेला. हे आबा तिचे सासरे, स्वतः जुन्या फौजेतले, इंग्रजांच्या वेळी समुद्रापार लढून आलेले. लढाई संपल्यावर गावातलाच एक जवान सुट्टीवर आला आणि पारावर बसून बोलला, की तो काही लढताना गेला नाही. बाकीचे पुढे पडलेले, हा एकटा बाजूला पळाला आणि उंचवट्यामागे लपला, तिथेच सापडला.

"त्या दिसापासनं आबांनी त्यांचं नाव टाकलं," ती म्हणाली. "फोटू होता भिंतीवर, त्यो पेटीत घातला. घरात कुनी नाव काढायचं न्हाई. मी तर धन्याचं नाव घ्यायची न्हाई, आमच्यात पद्धत न्हाई. मंग घ्यायचं कुनी? दहा-बारा सालं झाली काकू, आमच्या घरात त्या मानसाचं नाव कुनाच्या तोंडातनं आलं न्हाई. आता आबा थकल्यात. ह्ये असंच मनात घिऊन ते गेले तर मला बघवायचं न्हाई."

पलटणीतल्या एका जुन्या माणसानं तिला सांगितलं होतं, ती जमीन कुणाच्या हाताखालून गेली असेल तर झाशीच्या सुभेदाराच्या. मग तिनं सासऱ्यांना मथुरा-वृंदावनाच्या यात्रेला नेते म्हणून गाडीत बसवलं आणि झाशीला उतरवलं. हिंदीचा एक शब्द येत नसताना. मला तर तिच्या हिमतीचं नवलच वाटलं.

काका दारात उभे राहून ऐकत होते ते आम्हाला कळलंच नाही. तिनं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला फोटो काढून त्यांच्या हातात दिला. काकांनी बघितला आणि जवळच्या स्टुलावर बसले. जमिनीवर नाही बसले.

"ताई, हा पळाला नाही," ते म्हणाले. "गावात असं बोलतात हे मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ ठाऊक नव्हतं."

"मला सांगून काय उपेग, सायेब. मी कवा मानलंच न्हाई. आबांना पटाया पायजे. सांगून लई जनांनी सांगितलं. त्यांला सांगून पटत न्हाई."

काकांनी फोटो फडक्यात नीट गुंडाळून तिला परत दिला. काकू म्हणाल्या, "मग करून दाखवा ना. नाहीतरी उठून वाळूतच असता." त्या टोचून बोलल्या नव्हत्या, नेहमीसारखंच बोलल्या. पण काकांचा चेहरा असा झाला की काकूंनी तवा खाली ठेवला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या देखत त्यांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

काका जेवले नाहीत. खाकी स्वेटर घालून, कानटोपी चढवून प्लॉटवर गेले आणि वाळू चाळायला लागले. आबांना चाळणीचा आवाज आला.

"काय चाळताय ओ?"

"वाळू, आबा. जमीन मांडतोय."

"मॉडेल?" म्हाताऱ्यानं मान वर केली. "आमच्या टायमाला बी व्हतं. गोरा सायेब करायचा. तुमी फौजेतलं का काय?"

"जी."

"मंग मला तकडं न्या की. हितं काय करू, मथुरा तर येईना."

त्यांना हाताला धरून वाळूच्या कडेला नेलं, पोतं अंथरून बसवलं. ऊन अगदी सोनसळी झालं होतं. काका वाकून वाकून करत होते, आणि आबा विचारत होते, ह्यो काय, त्यो काय, आणि काका सांगत होते. दोन म्हातारी माणसं नदीकाठी खेळत बसावी तसं दिसत होतं. मी वर गेले नाही, काकूंच्या शेजारी पायरीवर बसून राहिले. ती बाई कडुनिंबाच्या सावलीत उभी होती, पदराचं टोक दातात धरून.

तेच शेत होतं. झाल्यावर काकांनी आबांचा उजवा हात हातात घेतला आणि वाळूवर ठेवला. "उत्तर तुमच्या उजव्या हाताला," ते म्हणाले. मी वाट बघत राहिले, पण पुढचं वाक्य आलं नाही. मॉडेल समजावताना इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा काकांनी "उंची वाढवलेली आहे" हे म्हटलं नाही. मला वाटलं विसरले, आठवण करून द्यावी. काकूंनी माझं मनगट धरलं.

"हे भातशेत, आबा. पाणी आहे घोट्यापर्यंत. आपली पोरं इथं आहेत, पडलेली. समोर हे तळं, तळ्याच्या काठावर त्यांची मशीनगन. उठता येत नाही कुणाला. तुमच्याकडं एक हलकी मशीनगन आहे. कुठं न्याल?"

आबांचा हात निघाला. मोठा, गाठी आलेला हात. शेतांवरून गेला, बांध चाचपून पुढे गेला, तळ्यापाशी थबकला, मागे आला, डावीकडे वळला. आणि उंचवट्यावर जाऊन थांबला. बोटांनी त्याची पुढची बाजू बघितली, मागची बाजू बघितली.

"हितं," आबा म्हणाले. "दुसरीकडं कुठं? बेस आड हाय, गोळी अडंल. मागं पडून मारता येतंय. तळ्यावर सरळ नदर जाती."

"नक्की?"

"आरं नक्की काय? नवा रंगरूट बी ह्येच सांगंल."

काकांनी त्यांचा हात उचलून बाजूला धरला. मग आपला तळहात उंचवट्यावर ठेवला आणि वाळू ओढून घेतली. एकदा, पुन्हा एकदा. जे राहिलं ते पापडाला फुगा यावा एवढंच राहिलं. मग आबांचा हात पुन्हा तिथे नेला.

आबा चाचपायला लागले. पुढे, मागे, बाजूला. "कुठं गेली आड?"

"ही जमीन खरी आहे, आबा. आड नव्हतीच. मॉडेलवर उंची चढवून दाखवावी लागते. ते मी सगळ्यात आधी सांगतो सगळ्यांना. त्या दिवशी पण सांगितलं. पण एक जण सुट्टीवरून तेव्हाच पोचला. माझं ते वाक्य झाल्यावर. ट्रंक खाली ठेवून मागे बसला. मी बघितलं त्याला. मनात म्हटलं, संपल्यावर सांगतो. उजेड जात होता, मागच्यांना हा उंचवटा दिसेना, म्हणून मी त्यावर अजून एक ओंजळ वाळू टाकली. तेवढंच त्यानं बघितलं आणि खरं धरलं. संपल्यावर मला साहेबांनी बोलावलं आणि राहून गेलं."

मला एकदम त्या आरत्या आठवल्या, आणि दूधवाला, आणि दाराला घातलेली ती कडी. काकूंनाही तेच आठवलं असावं. त्या माझं मनगट दुखेपर्यंत धरून राहिल्या.

आबांचा हात वाळूवरच होता. "कोन त्यो, सुट्टीवरनं आलेला?"

बाईनं दातातला पदर सोडला.

"सूनबाई," आबा म्हणाले.

"जी."

"मथुरेला न्हाई आनलंस तू मला."

"न्हाई, आबा."

त्यांनी मान हलवली. रागावले असं काही दिसलं नाही. काकांच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "तितं गेल्यावर त्याला कळलं आसंल, की आड न्हाई."

"लगेच कळलं असेल."

"माघारी फिरायला वाव व्हता?"

"होता. हा बांध आहे ना, ह्याच्या मागून रांगत येता आलं असतं." काकांनी त्यांचं बोट बांधावरून फिरवलं. "नाही आला. सकाळी मी जमीन बघायला गेलो, मॉडेलशी ताडून बघतो आम्ही. तो तिथंच होता. त्याच्या अंगाखाली, आजूबाजूला नुसत्या रिकाम्या पुंगळ्या. आहे-नाही तेवढं सगळं मारलं त्यानं. तेवढ्या वेळात बाकीची पोरं पाण्यातून उठून तळ्यापर्यंत पोचली. तुमच्या गावचा तो उजव्या अंगाला होता, आबा. त्याला लांबून एवढंच दिसलं असणार, की एक जण डावीकडे पळाला. मी आमच्या साहेबांना सांगितलं होतं सगळं. साहेब पण पुढच्या गावाच्या लढाईत कामी आले आणि ते तिथंच राहिलं."

ऊन भिंतीवर गेलं. मग आबांनी अगदी हळू, कुणाला झोपेतून उठवू नये अशा आवाजात विचारलं, "डोस्कं कंच्या अंगाला व्हतं?"

काकांनी त्यांचं बोट घेतलं आणि त्या जागेवर वाळूत एक लहानशी रेघ ओढली. तळ्याकडे तोंड केलेली. "ह्या अंगाला, आबा. पुढं."

काका रडतील, आबा रडतील असं मला वाटत होतं. तसं कुणी केलं नाही. आबा म्हणाले, "थंडी वाजतीया, आत न्या मला." रात्री अर्धी भाकरी खाल्ली, मुकाट्यानं झोपले. मुलाचं नाव काही त्यांनी घेतलं नाही. सून भांडी घासू लागली तर काकूंनी तिला धरून बसवलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या काकू, पटलं असंल तरी बोलायचे न्हाईत ते. लई सालं झाली, जीभ वळत नसंल." तिच्या डोळ्यांत पाणी होतं पण बोलली अशी, जणू शेजारच्या घरातली गोष्ट. काका बाहेर प्लॉटवरच फिरत होते. मी वरून आवाज ऐकला, चपलांचा, वाळूच्या कडेकडेनं. मला त्यांचा राग आला होता का? थोडा आला होता. आणि त्याच वेळी असं वाटत होतं की खाली जाऊन त्यांच्या अंगावर शाल घालावी. दोन्ही खरं आहे.

सकाळी आबांनीच सांगितलं, मथुरा राहू दे, घरी चल. आमच्या ह्यांनी दक्षिणेकडच्या गाडीत दोघांना जागा करून दिली. आम्ही सगळेच स्टेशनवर गेलो. झाशीचं स्टेशन म्हणजे फौजी असायचेच, काळ्या ट्रंका, वळकट्या. आबांच्या समोरच्या बाकावर असाच एक कोवळा जवान बसला होता, मिशी अजून नीट फुटलेली नव्हती. त्यानं आपली ट्रंक सरकवली, म्हाताऱ्याचे पाय लांब करायला जागा दिली. आबांनी ट्रंकेवर हात फिरवला. पत्रा ओळखला त्यांनी.

पोरानं विचारलं, "बाबा, आप के घर से भी कोई फौज में है?"

आबांना फौज एवढंच कळलं असेल. त्यांनी पटका सारखा केला, ताठ बसले आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हाय की. म्हादू. माझा पोरगा म्हादू."

ते नाव आम्ही तोवर ऐकलंच नव्हतं. बाईनं तोंडावर पदर घेतला आणि खिडकीच्या गजाला डोकं टेकलं. जवान मराठी कळत नसताना हो हो म्हणत मान हलवत होता, आणि आबा त्याच्या ट्रंकेवर तळहात सरकवत त्याला जमीन दाखवायला लागले होते. हितं पानी, हितं तळं, हितनं म्हादू निघाला. गाडी हलली तरी आवाज येतच होता, म्हादू असा गेला, म्हादूला आड न्हवती बग, माझ्या म्हादूला. सुभेदारकाका फलाटावर गाडीबरोबर थोडं चालले आणि मग उभे राहून रडले, सगळ्यांच्या देखत, लहान मुलासारखे, आणि काकूंनी त्यांना रडू दिलं.